गाडी जुनी, पत्रा जुना – लेखांक ९ : गंजावर काय लावावं आणि कुठे लावू नये

गेल्या आठवड्यात सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यापर्यंत आपण आलो होतो. जोडलेला पत्रा उघडा ठेवून चालत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हुडकून आणलेलं दार किंवा मडगार्डही आणलं तसं बसवून चालत नाही. त्यावर काहीतरी लावावं लागतं. काय लावायचं असं रंगाच्या दुकानात विचारलं तर उत्तर येतं, रेड ऑक्साइड. गॅरेजमध्ये विचारलं तर, "खालून डांबर मारून टाकू साहेब, बघायला नको." जुन्या टॅक्सीवाल्याला विचारलं तर काळं ऑइल आणि डिझेल. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. घोटाळा होतो तो एकच उपाय सगळ्या गाडीला फासल्यामुळे.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ, कारण वाचकांच्या पत्रांत तीच सर्वांत जास्त आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून उतरली. अशा टॅक्सीचं दार तुमच्या हाती येतं तेव्हा त्याने निदान वीस पावसाळे खाल्लेले असतात. शिवाय या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून झालेलं अंगच सगळा भार पेलतं. दारांखालून पुढून मागे जाणारी पेटी सडली की गाडी मधून बसते आणि दारं नीट लागेनाशी होतात. मग वर कितीही चकाचक रंग असला तरी उपयोग शून्य.

दार उताणं ठेवा आणि खालची कड नीट बघा. कडेच्या बोटभर वर रंगाला बारीक फुगवटे दिसतील. त्यातला एक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचला. आधी रंगाचा पापुद्रा निघतो, त्याखाली लांबीचा थर, त्याखाली तपकिरी भुगा, आणि भुगा झटकला की पलीकडचा उजेड. हा गंज बाहेरून आलेला नाही. काचेच्या रबराजवळून पावसाचं पाणी दारात उतरणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर तळाला पाणी निघायची भोकं ठेवली. ती धुळीने, सडक्या पानांनी आणि हो, पेंटरने सढळ हाताने मारलेल्या रंगाने बुजतात. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, त्या घडीत पाणी महिनोन्‌महिने मुरत राहतं. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे : एक तार घ्या आणि भोकं मोकळी करा.

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकलेलं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की त्यासाठी पाऊस पडावाच लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि गंजाला वेग येतो. त्यात मीठ असेल तर आणखी वाईट. मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळू लागतं. जुलै-ऑगस्टात मुंबईची, सगळ्या कोकणाची आर्द्रता ८० च्या वर असते. म्हणजे समुद्राजवळच्या गाडीचा मिठाळलेला पत्रा छपराखाली, पावसाचा थेंब न लागताही रात्रंदिवस ओलाच. वर गंज फुगतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, आणि त्या जोरावर वरचा रंग उचलून पाण्याला नवी वाट करून देतो.

यातून एक गोष्ट निघते. नुसतं घासून मीठ जात नाही. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी ते दडून बसतं. वायर ब्रश मारून पत्रा चकचकीत केला, लगेच प्रायमर मारला आणि वर्षाच्या आत फोड आले, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा हेच असतं. सुटा भाग आधी गोड्या पाण्याने, ब्रशने, दोन-तीनदा धुवा. मग लगेच उन्हात कडकडीत वाळवा आणि त्यानंतर घासा. लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की लोक बिचकतात, पण मीठ आत ठेवून वर रंग मारणं हा त्याहून मोठा धोका. सँडब्लास्टिंग परवडत असेल तर एक्सल, स्प्रिंगच्या पट्ट्या, चाकाच्या डिश अशा जाड वस्तूंना ते उत्तमच. दाराच्या किंवा बॉनेटच्या सपाट पातळ पत्र्यावर मात्र नको, पत्रा लहरतो. जुना रंग कोरडा घासू नका हेही इथेच सांगतो. जुन्या काळच्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. जहाजांना आणि पुलांना लावत तो लाल प्रायमर म्हणजे आपला शेंदूरच, शिशाचाच प्रकार. ती धूळ फुप्फुसात जायला नको. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क ठेवा.

घासूनही खड्ड्यांत थोडा गंज उरतोच. त्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतो. त्यात मुख्यतः फॉस्फोरिक आम्ल असतं, नाहीतर टॅनिन, किंवा दोन्ही. आम्ल गंजाचं फॉस्फेट करतं, टॅनिन त्याला निळसर काळ्या टिकाऊ संयुगात बांधतं. टॅनिनचा हा गुण आपल्याकडे जुनाच ठाऊक आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून गोळा होणारा हिरडा टॅनिनने भरलेला असतो, आणि हिरडा व लोखंड एकत्र आणून काळा रंग करण्याची रीत रंगाऱ्यांना चांगली माहीत होती. पण कन्व्हर्टरकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावरच काम करतो. सुटे पापुद्रे आहेत तिथे वरचा थर काळा होतो, खालचा तपकिरी तसाच राहतो, आणि आपण समजतो झालं.

आता कडक थर, म्हणजे वाळून टणक होणारे प्रायमर. रेड ऑक्साइडबद्दल माझं मत वाईट आहे असं नाही. खिडकीच्या गजांना तो ठीक आहे. पण त्यातला लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइडच. तो गंज थांबवत नाही, फक्त मधे पडदा धरतो, आणि तो पडदाही सच्छिद्र. रेड ऑक्साइड मारून "रंगाचं बघू दिवाळीनंतर" म्हणत गाडी पावसाळाभर तशीच उभी ठेवणारे कित्येक जण आहेत. त्या चार महिन्यांत तो पाणी पीत राहतो. जुन्या गाडीच्या पत्र्याला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर लावा. महाग आहे, मिसळल्यावर काही तासांत संपवावा लागतो, पण पाण्याला तो खरोखर अडवतो. लांबी भरायची तर ती इपॉक्सीच्या वर. लांबीही ओल धरते, आणि ती थेट लोखंडावर बसली की काय होतं ते मघाशी दाराच्या कडेला पाहिलंच.

जस्ताच्या प्रायमरची गोष्ट वेगळी. त्यातलं जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण त्यासाठी जस्ताचे कण एकमेकांना आणि खालच्या लोखंडाला भिडलेले हवेत. म्हणून वाळलेल्या थरात वजनाने ८० टक्क्यांच्या वर जस्त लागतं, आणि खालचा पत्रा अगदी नागडा लागतो. जुन्या रंगावर, कन्व्हर्टरवर किंवा इपॉक्सीवर जस्ताचा स्प्रे मारणं म्हणजे महागडा करडा रंग मारणं. वेल्डिंगच्या सांध्याजवळ मात्र तो मोलाचा. जस्त लावलेल्या जागी पुन्हा वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी ते घासून काढा, त्याचा धूर अंगात ताप आणतो.

कडक थर लावायचा तर दिवसही बघावा लागतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं, नाहीतर न दिसणाऱ्या दवावरच रंग बसतो. कोकणात त्यासाठी दिवाळीनंतरचे महिने सोन्यासारखे. आता एप्रिलअखेर आहे. काम सुरू असेल तर सकाळी अकरा ते चारमध्ये उरका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझा कल सांगतो : जुन्या गाडीच्या न दिसणाऱ्या बहुतेक भागांना मऊ थरच बरा. कडक थराला खालचा पत्रा निर्दोष लागतो, आणि पन्नास वर्षांच्या पेटीत आतून तो तसा करता येतच नाही. कडक थराला चीर गेली की पाणी त्याच्याखाली पसरतं. मेण किंवा चरबीचा थर कायम ओलसर असतो, घडीत शिरतो आणि ओरखडा पडला तर थोडाफार स्वतःच भरून येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बंदुका आणि यंत्रांचे सुटे भाग समुद्रापार पाठवले ते कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी चिकट मेणात बुडवून. दशकांनंतर उघडलेल्या पेट्यांतून ते कोरे निघाले. आज पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं, लांब नळी आणि चहूकडे फवारणाऱ्या तोंडासह. दाराखालच्या पेटीत नळी शेवटपर्यंत सारायची आणि फवारत हळूहळू मागे ओढायची. तळाच्या भोकांतून मेण ठिबकू लागलं की पोचलं म्हणून समजा. नंतर तार घालून ती भोकं पुन्हा मोकळी करा. दर दोन-तीन वर्षांनी हेच परत. डब्ल्यूडी-४० वर मात्र पावसाळा काढू नका. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारा, आणि १९५३ मध्ये सॅन दिएगोत तो त्यासाठीच बनवला गेला. पाणी तो छान हटवतो, पण मागे उरणारा थर अगदी पातळ असतो.

मग काळं ऑइल आणि डिझेल? तत्त्व मऊ थराचंच आहे, म्हणून टॅक्सीवाले अगदीच चुकत नव्हते. पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. पद्मिनीचे रबरी बूश त्याने फुगून लिबलिबीत होतात, आणि पहिल्या पावसात अर्धं ऑइल गटारात जातं. हे बंद करा. डांबर तर जुन्या गाडीला मी कधीच सुचवणार नाही. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते ठीक. गंजक्या पत्र्यावर वरून घट्ट दिसणारं झाकण होतं, वर्षा-दोन वर्षांत ते तडकतं आणि पाणी आत कोंडून धरतं. डांबराने माखलेली गाडी विकत घेताना मी तरी भाव पाडूनच बोलेन.

काही जागांना काहीच लावायचं नाही. ब्रेक ड्रमची आतली बाजू कोरी हवी. साठवणीत ऑइल लावलं असेल तर बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पुसा. वायरिंगची अर्थ जिथे अंगाला जोडली जाते तिथला पत्रा चकचकीत घासून, नट आवळून, मगच वरून व्हॅसलीन लावा. रेस्टोअर केलेल्या गाडीचे दिवे मंद जळण्याचं कारण अनेकदा त्या नटाखालचा सुंदर नवा रंगच असतो. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे जास्त ताकदीचे बोल्ट, ज्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेलं असतं, ते आम्लात धुऊन झिंक प्लेटिंगला देऊ नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो, तो भट्टीत तापवून काढावा लागतो. गल्लीतला प्लेटिंगवाला ते करेलच याची खात्री नाही, आणि असा बोल्ट भाराखाली अचानक तुटतो. तिथे नवा बोल्ट घ्या.

मृग लागायला अजून पाचेक आठवडे आहेत. तेवढ्यात सगळी गाडी होणार नाही, पण दारांची भोकं आणि दाराखालच्या पेट्या नक्की होतील. पुढच्या आठवड्यात पेट्रोलची टाकी घेऊ, कारण तिचा गंज आतून असतो आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे त्याचं गणित बदललं आहे. तोवर दुकानदार कितीही आग्रह करो, टाकीत कोणताही कन्व्हर्टर ओतू नका.