बातमी, सत्ता आणि दहशत : राजकीय उपहासपटांची रचना

व्याख्या

सत्तेच्या व्यवहारातील विसंगती तर्कशुद्ध अतिशयोक्तीने उघडी पाडणारा चित्रपट म्हणजे राजकीय उपहासपट. निव्वळ विनोदी चित्रपटात पात्रे चुकतात, गोंधळतात, म्हणून हसू येते. उपहासपटात सर्वजण आपापले काम चोख बजावतात आणि नेमक्या त्यामुळेच अनर्थ घडतो. थरारपटाहूनही त्याची जात वेगळी आहे. थरारपटातील कट गुप्त असतो. तो उलगडला की कथा संपते. उपहासपटातील कट बैठकीच्या टेबलावर, खर्चाचा अंदाज आणि वेळापत्रक समोर ठेवून शिजतो. त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही, हाच उपहासाचा गाभा असतो.

त्रिकोण

वृत्तमाध्यमे, सरकार आणि दहशतवाद या तीन विषयांवरचे उपहासपट पाहिले, तर त्यांच्या मुळाशी एकच व्यवहार आढळतो. दहशतवादी कृत्याचा रोख बळी पडलेल्यांइतकाच ते दृश्य पाहणाऱ्यांवर असतो. म्हणून त्याला प्रसिद्धी लागते. वाहिनीला खिळवून ठेवणारे दृश्य लागते. सरकारला भीतीच्या काळात ठामपणा दाखवता येतो आणि अडचणीचे प्रश्न मागे पडतात. तिघांचे हेतू परस्परविरोधी असले तरी भांडवल समान आहे : प्रेक्षकाचे लक्ष. कोणा एकाला खलनायक ठरवण्याऐवजी या तिघांमधील देवाणघेवाण दाखवणे, हे या चित्रपटांचे वैशिष्ट्य.

प्रेक्षकसंख्येचा हिशेब : ‘नेटवर्क’

या त्रिकोणावरचा एक महत्त्वाचा उपहासपट म्हणजे सिडनी लुमेट दिग्दर्शित ‘नेटवर्क’ (१९७६) हा अमेरिकी चित्रपट. पटकथा पॅडी चायेफ्स्की यांची. हॉवर्ड बील हा वृत्तनिवेदक प्रेक्षकसंख्या घटल्यामुळे नोकरीवरून काढला जातो. तो थेट प्रक्षेपणात आत्महत्येची घोषणा करतो आणि त्याची लोकप्रियता वाढू लागते. त्याच वाहिनीवरील एक महिला अधिकारी सशस्त्र क्रांतिकारी गटाला साप्ताहिक मालिका देऊ करते. त्यानंतरचा कराराचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. भांडवलशाही उलथवायला निघालेले लोक वितरणखर्च आणि नफ्याच्या वाट्याची कलमे घेऊन वकिलांसमोर हुज्जत घालतात. वाद मिटत नाही तेव्हा त्यांचा म्होरक्या छताच्या दिशेने गोळी झाडून तो मिटवतो. अखेर बीलची लोकप्रियता ओसरते. मालक त्याला काढू देत नाही, तेव्हा अधिकारी त्याच गटाकरवी त्याचा खून प्रक्षेपणादरम्यान घडवून आणतात. या निर्णयाची बैठक एखाद्या अंदाजपत्रकाच्या बैठकीसारखी चालते. चित्रपटाला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. पीटर फिंच यांना अभिनयाचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

घडवलेले युद्ध : ‘वॅग द डॉग’

बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘वॅग द डॉग’ (१९९७) त्रिकोणाची दुसरी बाजू, म्हणजे सरकार, हाती घेतो. निवडणूक तोंडावर असताना अमेरिकेचे अध्यक्ष लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपात सापडतात. त्यांचा सल्लागार हॉलिवूडमधील एका निर्मात्याला गाठून अल्बानियाशी युद्ध ‘निर्माण’ करवतो. स्टुडिओत एक तरुणी हातात वेफर्सचे पाकीट धरून रिकाम्या पडद्यासमोर धावते. संगणकावर तिच्यामागे जळते गाव येते, सायरनचे आवाज येतात आणि पाकिटाच्या जागी मांजरीचे पिल्लू येते. पिल्लू पांढरे हवे, असा खुद्द अध्यक्षांचा आग्रह येतो. काही वेळातच ही चित्रफीत बातमी म्हणून घरोघरी पोचते. युद्ध खोटे आहे हे ठाऊक असलेल्या निर्मात्याला शेवटी श्रेयाचा मोह आवरत नाही आणि तो जिवाला मुकतो. चित्रपट झळकल्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९९८ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांचे लेविन्स्की प्रकरण उघडकीला आले. १७ ऑगस्टला त्यांची साक्ष झाली आणि २० ऑगस्टला अमेरिकेने सुदान व अफगाणिस्तानवर क्षेपणास्त्रे डागली. पूर्व आफ्रिकेतील अमेरिकी दूतावासांवर त्याच महिन्यात झालेले भीषण बॉम्बहल्ले खरे होते. तरीही या क्षेपणास्त्रहल्ल्यांची चर्चा करताना अनेकांना हा चित्रपट आठवला.

‘दहशतवादी’ हा शिक्का : ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’

भारतात खासगी वृत्तवाहिन्या रुजत असतानाच अझीझ मिर्झा यांचा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ (२०००) प्रदर्शित झाला. मुलीवरील अत्याचाराचा सूड म्हणून मोहन जोशी नावाचा सामान्य माणूस सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळातील एका बड्या माणसाला मारतो. राजकारण्यांच्या सोयीसाठी त्याला दहशतवादी ठरवले जाते आणि दोन प्रतिस्पर्धी वाहिन्या तो शब्द उचलून धरतात. पुढे त्याच्या फाशीचेही थेट प्रक्षेपण ठरते आणि त्याला प्रायोजक मिळतात. खून कोणी केला हे येथे पहिल्यापासून स्पष्ट आहे. खुनाला कोणते नाव द्यायचे, यावर सारी झटापट चालते. गाणी आणि भावनिक शेवट यांमुळे उपहासाची धार उतरते, परंतु शब्द हेच सत्तेचे हत्यार असल्याचे निरीक्षण नेमके आहे.

२०१० : तीन चित्रपट

२०१० या एकाच वर्षी हा विषय तीन दिशांनी हाताळला गेला. अभिषेक शर्मा यांच्या ‘तेरे बिन लादेन’मध्ये अमेरिकेच्या व्हिसासाठी धडपडणारा कराचीतील वार्ताहर ओसामा बिन लादेनसारख्या दिसणाऱ्या कोंबडीपालकाला गाठून बनावट ध्वनिचित्रफीत तयार करतो. वाहिनी ती तपासत नाही, कारण ती खरी असण्यात वाहिनीचा लाभ आहे. अमेरिकी यंत्रणांचेही तसेच. पाकिस्तानात या चित्रपटाला प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही.

ब्रिटनमधील ख्रिस मॉरिस यांच्या ‘फोर लायन्स’मध्ये शेफील्डचे चार तरुण आत्मघाती हल्ल्याचा बेत आखतात. त्यांना विचारसरणीपेक्षा अधिक चिंता स्वतःच्या चित्रफितीत आपण कसे दिसतो याची. लंडन मॅरेथॉनमध्ये ते सोंगे घालून शिरतात. त्यांतील अस्वल नेमके कोणते, यावर पोलिसांचे नेमबाज वायरलेसवरून वाद घालतात आणि गोळी भलत्याच धावपटूला लागते. पुढे अधिकृत पातळीवर शब्दांची अशी फिरवाफिरव होते, की चूक झाली ती मरणाऱ्याचीच.

अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये दहशतवाद नाही; वाहिन्या आणि सरकार मात्र तसेच वागतात. नथा हा कर्जबाजारी शेतकरी आत्महत्या करणार, ही बातमी फुटते आणि गावात ओबी व्हॅनची जत्रा भरते. तो नाहीसा होतो तेव्हा एक वार्ताहर त्याच्या विष्ठेवरून मनःस्थितीचे विश्लेषण करतो. सरकारी योजनेतून नथाला ‘लाल बहादूर’ नावाचा हातपंप मिळतो, पण तो बसवायची तरतूद नसल्याने दारात पडून राहतो. त्याच गावात माती खणून विकणारा होरी महातो उपासमारीने मरतो. त्याची बातमी होत नाही, कारण त्याने मरणाची पूर्वसूचना दिलेली नसते.

मराठी दुवे

मराठीत वाहिन्यांच्या आधीचा काळ जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) नोंदला गेला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. निळू फुले यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सत्तेचे सगळे डावपेच जाणतो, पण त्याच्या लेखणीने काही बदलत नाही. अखेरीस त्याच्यापाशी वेड्यासारखे हसणे उरते. कुंदन शाह यांच्या मुंबईत घडणाऱ्या ‘जाने भी दो यारो’ या हिंदी चित्रपटात (१९८३) पुढचा टप्पा दिसतो. भक्ती बर्वे यांनी साकारलेली ‘खबरदार’ची संपादक भ्रष्टाचाराचे पुरावे छापत नाही, त्यांचा सौदा करू पाहते. टिपणीस साक्षीदार होता. ही संपादक भागीदार आहे.

पडद्याबाहेर

या त्रिकोणाचा सर्वांत भीषण प्रत्यय मुंबईला २६ नोव्हेंबर २००८ रोजी आला. दहा दहशतवाद्यांच्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत होत्या आणि पाकिस्तानातील सूत्रधार त्या पाहून दूरध्वनीवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी या दहशतवाद्यांपैकी कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई झाली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती दाखवता येते. येथे एक पेचही निर्माण होतो. जीव वाचवण्यासाठी हे बंधन आवश्यक आहे, परंतु माहितीचा एकमेव स्रोत सरकार उरले की ‘वॅग द डॉग’मधील शक्यता जवळ येते.

मर्यादा

उपहासपटाच्या मर्यादा तीन. पहिली कालसापेक्षतेची : अतिशयोक्ती म्हणून रचलेले प्रसंग नित्याचे झाले की त्यांची धार जाते. ‘नेटवर्क’मधील संतापून ओरडणारा निवेदक आज अनेक देशांच्या वाहिन्यांवर नियमित कामावर असतो. दुसरी परिणामाची : सगळेच भ्रष्ट आहेत, असे मानून प्रेक्षक निश्चिंत झाला तर टीकेचे रूपांतर करमणुकीत होते. तिसरी सत्तेची : उपहास झोंबला की सत्ता चित्रपटच दडपू शकते. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत जप्त करून नष्ट करण्यात आल्या. तो नव्याने चित्रित होऊन १९७८ मध्ये प्रदर्शित झाला.

निष्कर्ष

या चित्रपटांत खोटे बोलणारे थोडे आणि ते न तपासणारे पुष्कळ असतात. बनावट चित्रफीत एकच जण तयार करतो. तिला खरेपण मिळते ते ती दाखवणाऱ्यांकडून, तिच्यावर निवेदन काढणाऱ्यांकडून आणि ती पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांकडून. त्यामुळे सरकार, वाहिनी आणि दहशतवादी हे त्रिकोणाचे तीन कोन असले, तरी त्याचा पाया प्रेक्षक हाच आहे.