मैदानावरील हिरवळ आणि हुमणी

वऱ्हाडातील मैदाने मुळात मातीची. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जे देशी खेळ जगाला दाखविले, ते मातीतच वाढलेले होते. क्रिकेट-फुटबॉलबरोबर गवताचे मैदान आले आणि त्याची राखणही आली. शाळेच्या बाबतीत ही राखण केवळ शोभेसाठी नसते. त्या गवतावर मुले अनवाणी धावतात, पडतात आणि तेच हात तोंडाशी नेतात.

भाद्रपदाच्या सुमारास हिरवळीवर पिवळे चट्टे पडू लागले की माळी प्रथम पाणी वाढवितो, मग युरिया टाकतो. चट्टा तरीही पसरतो. अशा वेळी गवत मुठीत धरून ओढून पाहावे. सतरंजीची कड उचलावी तसे ते सहज निघाले, तर मुळे कुरतडली गेली आहेत असे समजावे. वीतभर माती उकरल्यास पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वाकलेली अळी सापडते. हीच हुमणी. बगळे आणि साळुंक्या एकाच जागी चोची मारताना दिसणे, ही तिची दुसरी खूण. गवत घट्ट राहिले, तर दोष बहुधा किडीचा नसतो. काळ्या मातीत साचलेले पाणी किंवा एकाच जागी होणारी तुडवण तपासावी. चौरस फुटात एखाददुसरी अळी आढळल्यास घाबरण्याचे कारण नाही.

हुमणीची वर्षातून एकच पिढी होते आणि तिच्या बंदोबस्ताची किल्ली येथेच आहे. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब व बाभळीवर जमतात, रात्रभर पाला खातात आणि पहाटेपूर्वी मातीत परततात. मादी मातीतच अंडी घालते. बाहेर आलेली अळी आधी कुजका पालापाचोळा, पुढे जिवंत मुळे खाते. भाद्रपदात दिसणाऱ्या चट्ट्याचा उगम असा जूनमधील असतो.

म्हणून पावसाच्या आरंभी काही रात्री मैदानाकाठच्या झाडांच्या फांद्या हलवून, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे, हा उपाय सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. वसतिगृहात मनुष्यबळाची वाण नसते. मात्र रॉकेल मोठ्यांच्याच हाती असावे. अळ्या लहान असतानाच मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत द्यावी. तिचा परिणाम सावकाश होतो. कोरड्या मातीत तर होतच नाही.

पूर्वी हुमणी दिसली की फोरेटचे दाणे फेकले जात. त्या अतिविषारी औषधावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुन्या कोठारात एखादी पिशवी उरली असेल, तर ती मैदानावर वापरू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. कोणतेही रसायन आणण्यापूर्वी दोन-चार अळ्या मातीसह डब्यात घालून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना दाखवाव्यात. उकिरड्यात सापडणारी जाड अळी पुष्कळदा गेंडा भुंग्याची असते आणि ती गवताच्या वाटेला जात नाही.

चट्ट्यातील मेलेले गवत काढून, अळ्या वेचून, तेथे हरळीचे ठोंब लावावेत. ते रुजेपर्यंत तेवढ्या भागाला दोरी बांधून खेळ दुसऱ्या बाजूस न्यावा.