बेताची उंची, बेतलेला पोशाख

उंची चार फूट आठ इंच, वय चाळिशीच्या पुढे आणि हुद्दा मुख्याध्यापिकेचा. अशा स्त्रीने जालन्याच्या बाजारात तयार कुर्ता मागितला, तर बहुधा दोनच गोष्टी तिच्यापुढे येतात. एक म्हणजे घोट्यापर्यंत लोंबणारा सर्वांत लहान मापाचा कुर्ता आणि दुसरी म्हणजे मुलींच्या कपड्यांतील झालरीचा, फुलपाखरांच्या नक्षीचा झगा. पहिला अंगावर लोंबतो आणि दुसरा वयाला शोभत नाही. अंबड, परतूर, भोकरदनहून खास खरेदीसाठी आलेली स्त्री मग रिकाम्या हाताने परतते आणि दोष स्वतःच्या शरीराला देते. वास्तविक दोष शरीराचा नसून मापाचा असतो.

उणीव कोणाची?

अमेरिकेत पाच फूट चार इंच, म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या स्त्रियांसाठी कपड्यांची ‘पेटीट’ नावाची वेगळी मापे असतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे तेथे ज्यासाठी वेगळा विभाग लागतो, ती आपल्याकडची सर्वसामान्य उंची होय. तरीही आपल्या बाजारातील मापांना बराच काळ परदेशी कोष्टकांचाच आधार होता. ही उणीव ओळखून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी यांनी २०१८ मध्ये ‘इंडिया साइझ’ हा प्रकल्प जाहीर केला. सहा शहरांतील सुमारे २५ हजार व्यक्तींची मापे घेऊन भारतीय शरीरयष्टीचे कोष्टक तयार करणे हा त्याचा हेतू. कोष्टक सरासरीचे असते, हे मात्र लक्षात ठेवावे. सरासरीपासून दूर असणाऱ्या स्त्रीला शिंप्याची कात्रीच खरी साहाय्यक ठरते.

केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे

कार्यालयात आलेला माणूस समोर बसलेल्या अधिकारी स्त्रीलाच ‘बाळ, मॅडम कुठे आहेत?’ असे विचारतो, तेव्हा तिच्या ज्ञानाचा आणि अनुभवाचा नकळत अवमान होतो. असे प्रसंग वारंवार आले की आत्मविश्वास झिजतो. त्यावर उपाय म्हणून अनेकजणी उंच टाचांचा आधार घेतात. परंतु अशा चपलांमुळे शरीराचा भार चवड्यांवर येतो आणि गुडघे व कंबर यांवर ताण पडतो. खांद्यावर नीट बसलेला पोशाख प्रौढपणाची जी छाप पाडतो, ती टाचांना साधत नाही.

पायघोळ कपड्यांचा धोकाही कमी नाही. एसटीची उंच पायरी चढताना कुर्ता पायाखाली येतो, दुचाकीवर मागे बसल्यावर साडीचा घोळ चाकाकडे ओढला जातो. वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकावर संरक्षक जाळी असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नमूद आहे. ती जाळी काढून टाकू नये.

शिंप्याकडे जाताना

तयार कपडा निवडताना प्रथम खांदा पाहावा. लांबी आणि बाह्या सहज कमी करता येतात. खांदा व मुंढा दुरुस्त करणे मात्र कठीण आणि खर्चिक असते. कुर्ता केवळ खालून कापला तर कमरेचा आकार नितंबांवर उतरतो, बाजूचे कट फार खाली सुरू होतात आणि काठाची नक्षीही जाते. मुलींच्या कपड्यांत प्रौढ स्त्रीच्या छातीसाठी टक्स नसतात. म्हणून लांबी जुळली तरी ते छातीवर ताणले जातात.

शिवून घेताना छाती, कंबर व नितंब यांच्या घेरांबरोबर आणखी पाच मापे आवर्जून द्यावीत: खांद्याची रुंदी, खांद्यापासून छातीच्या उभारापर्यंतचे अंतर, खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून मगच बेतण्यास द्यावे. मोठ्या नक्षीपेक्षा बारीक नक्षी लहान चणीला अधिक शोभते.

साडी नेसताना

साडीला माप नसते असे म्हणतात, पण पन्हा असतोच. तो साधारण ४५ ते ४८ इंच भरतो. चार फूट आठ इंच उंचीच्या स्त्रीला कमरेपासून जमिनीपर्यंत सुमारे ३४ इंच पुरतात. उरलेले जवळपास फूटभर कापड कमरेत खोचावे लागते. ते सरकू नये म्हणून परकराची नाडी आवळली जाते, आणि येथे आरोग्याचा प्रश्न उद्भवतो. कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी होणाऱ्या घर्षणाने त्वचा काळवंडते, कधी जखम होते. धोतराच्या अशाच घर्षणातून होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये केली होती. २०२४ मध्ये वर्धा येथील व बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे असा आजार झालेल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हा प्रकार अत्यंत विरळ आहे. पण कमरेवरील न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी.

उपाय सोपा आहे. निऱ्यांच्या आणि कमरेभोवतीच्या भागात साडीच्या वरच्या कडेला आतून आडवी दुमड घालून सैल टाके घालावेत. पैठणीचा खालचा काठ शाबूत राहतो, कापडही कापावे लागत नाही आणि टाके केव्हाही उसवता येतात. परकर स्वतःच्या उंचीचा, रुंद पट्टीचा शिवावा. नाडी सैल बांधावी आणि अधूनमधून तिची जागा बदलावी.

मापाची वही जपावी

बेताची उंची हा आजार नव्हे. ती मुख्यतः आनुवंशिकता आणि बालपणीचे पोषण यांवर ठरते. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर कोणतीही भुकटी वा गोळी उंची वाढवू शकत नाही. त्या जाहिरातींवर खर्च करू नये. वाढत्या वयातील मुलीची उंची खुंटल्यासारखी वाटली, तर मात्र वेळीच बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

आपली मापे आणि उंची तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत. उतारवयात नेहमीचा परकर अचानक जमिनीला टेकू लागला आणि उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटल्याचे आढळले, तर ते मणक्याचे हाड ठिसूळ होऊन दबल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी शिंप्याआधी डॉक्टरांकडे जावे. एरवी मात्र शरीराला कपड्यांसाठी बदलण्याचा विचार सोडून कपडे शरीराप्रमाणे बेतून घ्यावेत.