चेक रुळांवरचा उन्हाळा

२०१९ सालच्या उन्हाळ्यातली माझी जवळजवळ सगळी रजा चेक प्रजासत्ताकात रेल्वे आणि ट्राममध्ये बसून गेली. त्या दिवसांतल्या वह्या अलीकडे पुन्हा वाचून काढल्या. किल्ल्यांबद्दल आणि चर्चबद्दल त्यांत फारसे काही नाही. इंजिनांचे क्रमांक, स्टेशनांची नावे, सिग्नलांची चित्रे आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटली याच्या नोंदींनी मात्र पानेच्या पाने भरली आहेत. त्या वेळी हे सारे निव्वळ आवडले होते. का आवडले ते आता नीट सांगता येते. या देशाने आपली जुनी रेल्वे काचेमागे ठेवली नाही, ती कामावर ठेवली. मुंबईची ट्राम आणि बार्शीची छोटी गाडी या दोन्ही गोष्टी घरातल्या थोरांच्या आठवणींतूनच कळलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचे मोल फार वाटते.

महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढ्या या देशात सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरचे लोहमार्ग आहेत. युरोपातल्या सर्वांत दाट जाळ्यांपैकी हे एक. बोहेमिया आणि मोराविया हा ऑस्ट्रियन साम्राज्याचा कारखानदारीचा पट्टा होता. कोळसा, काच, कापड आणि बीटाची साखर यांची वाहतूक करायची तर रूळ हवेतच, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावी शाखामार्ग पोचले. सुरुवात तर त्याच्याही कितीतरी आधीची. चेस्के बुदेयोवित्से ते लिंझ हा घोड्यांनी ओढायचा लोहमार्ग १८२५ ते १८३२ या काळात बांधला गेला. वाफेची गाडी व्हिएन्नाहून ब्रनोला १८३९ मध्ये आली आणि ओलोमोउत्सहून प्रागला १८४५ मध्ये. त्या प्रागच्या मार्गाचा अभियंता यान पेर्नेर. मार्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, खोत्सेनच्या बोगद्यापाशी गाडीतून बाहेर डोकावताना खांबावर डोके आपटून तो तरुण वयात गेला. ती पहिली गाडी ज्या स्टेशनात शिरली ते आज मासारिक स्टेशन म्हणून ओळखले जाते आणि तिथून उपनगरी गाड्या अजून सुटतात. पहिल्याच सकाळी मी तिथल्या फलाटावर उभा राहिलो आणि कोलीनकडे जाणारी साधी दुमजली लोकल पकडली. १८४५ च्या स्टेशनातून रोजची नोकरदार मंडळी घाईघाईने ये-जा करताहेत, याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती.

प्रागच्या उत्तरेला व्ल्टावाच्या काठी नेलाहोझेवेस हे छोटे गाव आहे. संगीतकार आन्तोनीन द्वोर्झाक यांचा जन्म १८४१ मध्ये इथे झाला. १८५० मध्ये गावातून रेल्वे गेली, तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. रेल्वेचे वेड त्यांना जन्मभर पुरले. प्रागला असताना इंजिने पाहायला ते नेमाने स्टेशनावर जात आणि कामात असले की कुठले इंजिन आले ते पाहायला शिष्याला पाठवत, असे सांगतात. त्यांच्या जन्मघरासमोरून आजही ड्रेस्डेनकडे जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गाड्या धडधडत जातात. मी तिथे दुपारभर बसलो. ज्यांच्या सिंफनीपुढे जग नतमस्तक होते, त्यांनाही इंजिनाच्या क्रमांकाचे अप्रूप होते, हे कळल्यावर आपल्या छंदाविषयी एक निराळाच विश्वास येतो.

ट्रामविषयी लिहिताना मुंबईची आठवण टाळता येत नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, प्रागला १८७५ मध्ये. विजेच्या ट्राममध्ये प्राग पुढे गेले. फ्रांतिशेक क्रिझिक या अभियंत्याने १८९१ च्या औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने लेत्नाच्या टेकडीवर ती चालवून दाखवली. मुंबईला विजेची ट्राम १९०७ मध्ये मिळाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्याच सुमारास प्रागच्या स्मीखोव भागातल्या कारखान्यातून टाट्रा टी-३ ही ट्राम एकापाठोपाठ एक बाहेर पडत होती. अमेरिकन पीसीसी ट्रामच्या परवान्यावर उभी राहिलेली, फ्रांतिशेक कार्दाउस यांनी घडवलेली ही गाडी पुढून गोलसर, एकच मोठी काच असलेली, लाल आणि फिकट पिवळ्या रंगाची. अशा जवळजवळ १४ हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतांश सोव्हिएत संघात गेल्या. प्रागमध्ये टी-३ पाहण्यासाठी संग्रहालय शोधावे लागत नाही. २३ क्रमांकाच्या मार्गावर याच गाड्या मुद्दाम ठेवल्या आहेत आणि नेहमीच्या तिकिटात त्यांत बसता येते. चालकाने पायाखालचे पेडल दाबले की गाडी झटक्यात वेग घेते आणि मोटारींची घरघर चढत जाते. तो आवाज ऐकण्यासाठी मी पुष्कळदा मागच्या दाराजवळ उभाच राहायचो.

अर्थात प्रागलाही ट्राम नकोशी झाली होती. १९७४ मध्ये मेट्रो आली, शहराच्या मध्यातून ट्राम काढून टाकावी असा विचार बळावला आणि १९८० मध्ये वात्स्लाव चौकातल्या लांबलचक रस्त्यावरची ट्राम बंद झाली. पुढे मत बदलले. मेट्रो लांबचा प्रवासी नेते, पण दोन चौकांपलीकडे जाणाऱ्या म्हातारीला ट्रामच सोयीची असते, हे शहराने ओळखले. आता त्या चौकाच्या वरच्या भागात पुन्हा रूळ टाकण्याचे काम हाती घेतले आहे. जुन्या टी-३ च्या शेजारून श्कोडाची १५-टी ही नवी ट्राम जाते. तिची जमीन दारापासून दारापर्यंत सपाट आणि खाली, सगळी चाके मोटारीने फिरणारी आणि बोगी वळणाबरोबर वळणाऱ्या. प्रागच्या अरुंद गल्ल्या आणि चढ लक्षात घेऊनच ती आखली आहे. स्त्रेशोवित्सेच्या जुन्या डेपोत ट्रामचे संग्रहालय आहे आणि तेही पाहावे. तिथल्या काही गाड्या सुटीच्या दिवशी शहरात फिरतात, तो दिवस साधावा.

प्रागबाहेरच्या ट्राममध्ये माझ्या मनात घर केले ते लिबेरेत्स ते याब्लोनेत्स या मार्गाने. दोन शहरांना जोडणारा आणि मी गेलो तेव्हा मीटरगेज असलेला हा मार्ग १९५५ मध्ये पुरा झाला. ट्राम शहर सोडते, एकेरी रुळावरून झाडीत शिरते, समोरच्या गाडीसाठी वाट पाहत थांबते आणि डोंगरउतारावरची घरे मागे टाकत दुसऱ्या शहरात उतरते. शेजारी बसलेल्या आजींच्या पिशवीत भाजी होती. त्यांच्यासाठी तो बाजारचा दिवस होता.

रेल्वेच्या तांत्रिक बाजूची आवड असणाऱ्याला इथे आणखी एक मेजवानी आहे. देशाच्या उत्तरेकडच्या मार्गांवर ३ हजार व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह, तर दक्षिणेकडे २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती. उत्तरेचे औद्योगिक मार्ग आधी विजेवर आले आणि दक्षिणेची पाळी येईपर्यंत तंत्र बदलले होते. त्यामुळे देशाच्या मधूनच विजेची सीमा जाते. प्रागहून हावलिच्कूव ब्रोदमार्गे ब्रनोला जाणारी गाडी कुतना होराजवळ ही सीमा ओलांडते. इंजिन बदलावे लागत नाही. प्लझेनच्या श्कोडा कारखान्यात बनलेले ३६३ मालिकेचे इंजिन दोन्ही प्रवाहांवर चालते. तारेचा वीज नसलेला तुकडा येतो, गाडी काही क्षण स्वतःच्या वेगावर घरंगळते आणि पलीकडे पुन्हा जोर धरते. हेच इंजिन सुटताना एकामागून एक तीन सुरांत गुणगुणते, पहिला खर्जातला, दुसरा मधला, तिसरा उंच. मोटारीला वीज तुकड्यातुकड्याने पुरवणाऱ्या यंत्रणेचा तो आवाज. इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत गाडी थांबून राहायची, ते दिवस पाहिलेल्याला कुतना होराचे ते काही क्षण फार सुंदर वाटतात. २०१६ मध्ये सगळे जाळे टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टवर न्यायचे ठरले. मुंबईने लोकल धावत्या ठेवून १५०० व्होल्टवरून हाच प्रवास पुरा केला आहे, त्यामुळे हे काम किती मोठे आणि किती नाजूक आहे याची कल्पना आपल्याकडच्या रेल्वेच्या माणसांना चांगलीच आहे.

ते १५०० व्होल्ट मला पुन्हा भेटले टाबोरला. तिथून बेखिन्येपर्यंतचा २४ किलोमीटरचा मार्ग क्रिझिकनेच १९०३ मध्ये विजेवर चालू केला. ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या अगदी सुरुवातीच्या विजेच्या रेल्वेंपैकी ही एक. टाबोर स्टेशनात एका बाजूला मुख्य मार्गाची २५ हजार व्होल्टची तार आणि दुसऱ्या बाजूला या छोट्या मार्गाची १५०० व्होल्टची. लहानसे इंजिन दोन-तीन डबे घेऊन शेतांतून, घरांच्या परसांतून जाते आणि अखेरीस लुझनित्से नदीवरच्या उंच कमानीच्या पुलावरून गावात शिरते. १९२८ सालचा हा पूल मोटारी आणि रेल्वे दोघांचाही आहे. खिडकीतून खालची खोल दरी पाहताना मी कॅमेरा काढायचाही विसरलो.

यिंद्रिखुव ह्रादेत्सला गेलो तो बार्शीसाठी. तिथून नोवा बिस्त्रित्सेला जाणारा नॅरोगेज मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, म्हणजे ज्या वर्षी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी. तिकडचे गेज ७६० मिलिमीटर, बार्शीचे ७६२. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शीला दाखवून दिले होते की हलके रूळ आणि नीट आखलेले डबे असले तर छोटी रेल्वेही भरपूर माल वाहू शकते. आपला तो मार्ग आज ब्रॉडगेज आहे आणि त्याचा लातूर-पंढरपूरच्या लोकांना उपयोगच झाला, याबद्दल दुमत नाही. तरी ह्रादेत्सच्या रानातून वळणे घेत जाणाऱ्या त्या डब्यात बसल्यावर आजोळच्या माणसांनी सांगितलेले सगळे प्रवास डोळ्यांसमोर उभे राहिले. उघडी खिडकी, गवताचा वास, वळणावर पुढे दिसणारे आपलेच इंजिन.

उत्तरेच्या डोंगरात तानवाल्दहून हारराखोवकडे जाणारा मार्ग १९०२ चा. चेक भूमीतला हा एकमेव दातेरी मार्ग. चढ आहे हजाराला ५८, म्हणजे साधारण सतराला एक. आपल्या बोरघाटात सदतिसाला एक चढ आहे आणि तिथे मागून इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले की त्या चढाची धास्ती कळते. आज रोजच्या डिझेल गाड्या दात्यांची मदत न घेता चढतात. दातेरी पट्टी मात्र रुळांच्या मध्ये जागेवर आहे आणि ठराविक दिवशी जुनी दातेरी इंजिने तिच्यावर चालवली जातात.

या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त जीव लागला तो शाखामार्गांवर. प्रागच्या दक्षिणेला साझावा नदीच्या काठाने जाणाऱ्या मार्गावर झाम्पाखचा दगडी पूल आहे, दरीपासून सुमारे ४० मीटर उंच. सॅक आणि गिटार घेतलेली तरुण मंडळी तिथे पिढ्यान्पिढ्या रानात मुक्कामाला जातात आणि या गाडीवर त्यांचा फार जीव. लहान स्टेशनांवर लाल टोपी घातलेला स्टेशनमास्तर बाहेर येऊन गाडीला निरोप देतो. युद्धकाळात लेखक बोहुमिल ह्राबाल स्वतः अशाच एका स्टेशनावर नोकरीला होते. त्यांच्या कादंबरीवर यिर्झी मेंझेलने केलेल्या ‘ओस्त्रे स्लेदोव्हाने व्लाकी’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. ज्या लोद्येनित्से स्टेशनात तो चित्रित झाला, तिथे आजही गाडीतून उतरता येते. इंजिनांना लोकांनी टोपणनावे दिली आहेत. समोरच्या काचांमुळे चष्मेवाला ठरलेले एक, ब्रिजित बार्दोच्या नावाने ओळखले जाणारे दुसरे, इस्त्रीसारख्या आकाराचे तिसरे. ज्या यंत्राला लोक लाडाचे नाव देतात, ते सहजासहजी भंगारात जात नाही.

मी परतलो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नेरळ-माथेरानचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती गाडी पुन्हा नेरळहून वर चढली. नेमक्या त्याच शरदात यिंद्रिखुव ह्रादेत्सचा नॅरोगेज चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत सापडून गाड्या थांबल्या आणि त्या परत आणण्यासाठी तिथल्या लोकांना झटावे लागले. म्हणजे चेक लोकांनाही हे सगळे आयते मिळालेले नाही. शाखामार्ग तोट्यात जातात, पूल थकतात, तरुण चालक मिळत नाहीत. तरीही तिथे आधी विचारतात की ही गाडी कशी चालू ठेवता येईल. वेळापत्रक दर तासाला किंवा दोन तासांना ठरलेल्या मिनिटाला बसवतात, बस आणि गाडीची वेळ जुळवतात, सायकलींसाठी जागा करतात आणि मगच ती बंद करायची का, याचा विचार करतात.

आपल्याकडे माथेरानची गाडी चालू आहे. विदर्भातली शकुंतला रेल्वे थांबली आहे आणि ती पुन्हा धावावी म्हणून तिकडची माणसे मागणी करत आली आहेत. मला त्या मागणीत भावुकपणापेक्षा शहाणपण जास्त दिसते. बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाणाऱ्या माणसाला रोज उपयोगी पडेल अशी वेळ त्या गाडीला मिळाली, तर तिला वाचवायला वेगळी चळवळ लागणार नाही. तिचे प्रवासीच ते काम करतील. चेक रेल्वेने मला हे शिकवले आणि माझ्या उरलेल्या सगळ्या रेल्वेप्रेमाला त्याने दिशा दिली.