पाँपेईची हस्तिदंती स्त्री व कोल्हापूरचा समुद्रदेव

प्राचीन मूर्तींची तुलना करावयाची म्हटली म्हणजे दोन संस्कृतींतील दोन उत्तम नमुने समोर ठेवावयाचे, त्यांचें अंगप्रमाण, अलंकार व मुद्रा पाहावयाच्या, आणि एकींत देहसौष्ठव अधिक तर दुसरींत भाव अधिक, असा निवाडा द्यावयाचा, अशी सर्वसाधारण पद्धति आहे. या पद्धतीनें रूपाचें ज्ञान होतें. परंतु मूर्तीचें तिच्या समाजांतील स्थान कळत नाहीं. तें कळण्यास एका संस्कृतीची मूर्ति दुसऱ्या संस्कृतीच्या भूमींत सांपडणें हें फार उपयोगी पडतें; कारण अशा वेळीं रूप तेंच राहतें आणि अर्थ मात्र बदलतो. दक्षिणापथाशीं संबंध असलेलीं अशीं दोन उदाहरणें येथें विचारार्थ घेतलीं आहेत.

इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस पर्वताच्या उद्रेकांत राखेखालीं गडप झालें. तेथील एका घराच्या उत्खननांत १९३८ सालीं आमेदेओ माइउरी या पुराणवस्तुवेत्त्यास सुमारें वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं, परंतु मेखला, कंठभूषणें, बाहूंवरील व पायांतील वलयें यांची रेलचेल. दोन्ही बाजूंस प्रसाधनद्रव्यें घेतलेल्या दोन लहान परिचारिका. आणि मस्तकापासून खालीं कोरलेलें एक छिद्र, असें तिचें स्वरूप आहे. ती भारतीय आहे याविषयीं प्रथमपासूनच शंका नव्हती. नगर कोणत्या वर्षीं गाडलें गेलें हें निश्चित असल्यामुळें मूर्ति त्यापूर्वींची, हेंहि निर्विवाद होय. भारतीय शिल्पाच्या इतिहासांत कालाची इतकी पक्की सीमा क्वचितच मिळते, आणि ती आपणांस भारताबाहेर मिळाली हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

माइउरीनें या मूर्तीस लक्ष्मी म्हटलें. परंतु लक्ष्मीचें ओळखण्याजोगें लक्षण, मग तें पद्म असो वा अभिषेक करणारे गज असोत, येथें एकहि नाहीं. वेणीफणी व अलंकार यांत गुंतलेली नायिका आणि तिच्या सेवेंत असलेल्या प्रसाधिका, हा विषय काव्यांत व शिल्पांत आपल्या परिचयाचा आहे. म्हणून पुढील अभ्यासकांनीं तिला यक्षी म्हणणें अधिक पसंत केलें. छिद्रावरून ती प्रथम आरशाची मूठ मानली गेली. पुढें ती एखाद्या लहान आसनाचा किंवा तिवईचा पाय असावी, असें मत पुढें आलें. यांपैकीं कोणतेंहि मत घेतलें तरी ती पूजेची मूर्ति ठरत नाहीं. देवतेचें नांव मिळालें तें केवळ प्राचीन भारतांतील प्रत्येक सुंदर मूर्ति देवतेचीच असली पाहिजे, या समजुतीनें.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांत, याच जातीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. छत्रपति संभाजीनगराच्या ईशान्येस, केळणा नदीच्या कांठीं असलेल्या भोकरदन येथें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं १९७३ सालीं उत्खनन केलें. तेव्हां तें गांव औरंगाबाद जिल्ह्यांत होतें, १९८१ पासून जालना जिल्ह्यांत आहे. त्या उत्खननांतहि तशीच एक हस्तिदंती मूर्ति हातीं आली. ती भग्न आहे, तथापि मुख्य स्त्री व बाजूच्या दोन परिचारिका ही योजना स्पष्ट असल्यामुळें पाँपेईच्या मूर्तीशीं तिचें साम्य अधिकच जवळचें वाटतें.

हीं दोन्ही स्थळें उपेक्षणीय नव्हतीं. तेर म्हणजे प्राचीन तगर, हें फ्लीटनें १९०१ सालीं सप्रमाण दाखविलें; भोकरदन म्हणजे भोगवर्धन, आणि भोगवर्धनाच्या दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील दानलेखांत आलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत प्रतिष्ठान हें भृगुकच्छापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या, व तगर हें प्रतिष्ठानापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून, या नगरांचा माल भृगुकच्छास उतरत असे असेंहि म्हटलें आहे. त्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या जिनसांत हस्तिदंत आहे, व आंत येणाऱ्या जिनसांत इटलीचें मद्य आहे. वाट अशी दुहेरी होती.

तथापि पाँपेईची मूर्ति भोकरदनचीच, असें विधान करण्याची घाई करूं नये. तिच्या तळाशीं खरोष्ठी लिपींतील अक्षर कोरलेलें आहे, आणि ती लिपि वायव्येकडील होय. त्याच सुमारास, १९३७ ते १९३९ या काळांत, फ्रेंच संशोधकांस अफगाणिस्तानांतील बेग्राम येथें हस्तिदंती कामाचा मोठा सांठा मिळाला, तोहि येथें विसरून चालणार नाहीं. शैली दक्षिणेकडे बोट दाखविते, अक्षर उत्तरेकडे. शिवाय कारागीर व त्यांची विद्या एका जागीं, वा एका द्रव्यांत, खिळलेली नव्हती. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावरील लेखांत तेथील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनीं केल्याचें नमूद आहे. आमच्या जिल्ह्यांतील पितळखोरें येथील लेण्यांत सांपडलेल्या, आणि आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असलेल्या यक्षाच्या हातावर, ती मूर्ति कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविल्याचा प्राकृत लेख आहे. दंतकार दगड कोरतो, सोनार यक्ष घडवितो. अशा काळांत केवळ शैलीवरून जन्मस्थान ठरविणें धोक्याचें आहे.

उलट दिशेचें उदाहरण कोल्हापूरचें. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकाडांत १९४४-४५ च्या सुमारास धातूच्या वस्तूंचा एक सांठा निघाला, आणि १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें सांकळिया व दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्या सांठ्यांतील वीतभरहि उंच नसलेली कांशाची उभी मूर्ति ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन याची आहे. देह नग्न, दाढी भरदार, शरीररचना पाश्चात्य वळणाची. ग्रीसमध्यें या देवाचीं मोठीं क्षेत्रें होतीं. नावाडी व व्यापारी त्याला नवस करीत. परंतु सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्र दृष्टीसहि न पडणाऱ्या गांवीं त्याचें काय काम? मूर्ति देवळांत किंवा वेदीवर मिळालेली नाहीं. ती आरसे, भांडीं अशा वस्तूंच्या संगतींत मिळाली. तेव्हां येथें त्याची पूजा होत होती यास पुरावा नाहीं. परदेशची एक कुतूहलाची, मोलाची जिन्नस म्हणूनच तो येथें राहिला असावा, हें अनुमान अधिक संभवनीय दिसतें.

आतां दोन्ही मूर्ती एकत्र पाहिल्या असतां तुलनेचें खरें सूत्र हातीं येतें. ग्रीक शिल्पांत देवाची नग्नता हें त्याच्या परिपूर्णतेचें चिन्ह आहे. तेथें अलंकाराची आवश्यकता नाहीं. आपल्या शिल्पांत यक्षीचें शरीर अलंकारावांचून पूर्ण होत नाहीं. अलंकार हें समृद्धीचें व मांगल्याचें चिन्ह होय. हा भेद दोन्ही समाजांस आपापल्या घरीं सहज कळत होता. परंतु समुद्र ओलांडतांच तिकडील देव इकडे जिन्नस झाला. इकडील मंगल स्त्रीची गत तर अधिकच विचित्र झाली: आधुनिक काळांत तिला आधीं देवी म्हटलें गेलें, आणि नंतर नेपल्सच्या संग्रहालयांत कामुक वस्तूंच्या दालनांत स्थान मिळालें. मूर्तीनें स्वतः यांपैकीं कांहींच केलें नाहीं.

तेर येथें सांपडलेल्या, रोमन नाण्यांवरून घेतलेल्या मातीच्या लटकनांचीहि हीच कथा. सम्राटाचें मुख हें रोममध्यें सत्तेचें व चलनाचें चिन्ह. येथें तें गळ्यांत घालावयाचा दागिना झालें. नाण्याची किंमत गेली, शोभा राहिली.

यावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. पोथी जमविणाऱ्यास पुष्पिकेचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. शेवटचें पान गेलें कीं ग्रंथ राहतो, परंतु तो कोणीं, कोठें, कोणत्या शकांत, कोणासाठीं लिहिला हें नाहींसें होतें. मूर्तीची पुष्पिका म्हणजे तिची सांपडण्याची जागा व तिच्या शेजारच्या वस्तू. ही पुष्पिका मूर्तीवर लिहिलेली नसते. जमिनींत लिहिलेली असते, आणि मूर्ति उचलतांच ती पुसली जाते. वर सांगितलेल्या तीन हस्तिदंती स्त्रियांकडेच पाहावें. पाँपेईच्या मूर्तीचा काल राखेनें राखला. भोकरदनच्या मूर्तीस उत्खननांतील थरांचा आधार आहे. तेरच्या मूर्तीस गांवाचें नांव तेवढें आहे. तेंहि राहिलें तें लामतुरे यांनीं आपला संग्रह गांवाबाहेर जाऊं दिला नाहीं म्हणून, आणि याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत. तीच मूर्ति एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटींतून चार हात फिरून मुंबईस आली असती, तर आज तिच्याविषयीं 'बहुधा दक्षिण भारत' यापलीकडे एक अक्षर लिहितां आलें नसतें, आणि भोकरदनच्या शोधास जोड देणारा साक्षीदार गमावला असता.

मराठवाड्यांतील पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर अजूनहि मणी, मातीचीं चित्रें व नाणीं वर येतात. अशी वस्तु कोणी आणून दिल्यास तिचें रूप न्याहाळण्यापूर्वीं गांव, शेत, खोली, बरोबर सांपडलेल्या वस्तू व दिवस हीं टिपून ठेवावीं, पुरातत्त्व खात्यास कळवावें, आणि शक्य तर वस्तु जागची हलवूं नये. रूपाचें वर्णन शंभर वर्षांनीं दुसरा कोणी आपल्याहून चांगलें करील; जागेची नोंद मात्र आज चुकली तर पुढें कोणासहि करतां येणार नाहीं.