मोटारीचें चक्र उजवीकडे कां?

दौलताबादेहून खुलताबादेस चढणाऱ्या घाटांत आमच्या चिरंजीवांनीं विचारलें, "सारथी उजवीकडेच कां बसतो?" आपल्याकडे वाहनें डाव्या अंगानें चालतात, समोरून उतरणारें वाहन उजव्या हातास हातभर अंतरावरून जातें. तें अंतर जोखणारी नजर त्याच बाजूस हवी. अमेरिकेंत रहदारी उजवीकडून. म्हणून फोर्डनें १९०८ च्या 'मॉडेल टी'चें चक्र डावीकडे बसविलें. पोर्तुगालनें १९२८ सालीं बाजू बदलली, पण गोवा डावीकडेच राहिला. शेजारीं ब्रिटिश मुलूख होता ना!

इतक्यांत पुढें मालमोटार रखडली. सारथी किंचित् उजवीकडे सरला, तोंच समोरून एस. टी. दिसली, तो मुकाट्यानें मागें राहिला. चक्र डावीकडे असतें, तर निम्मी मोटार बाहेर काढल्यावरच ती दिसती! मातोश्रींनीं मिटलेले डोळे उघडले.