सतरंजीखाली काय घालावे?

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. वर्धा नदीकाठच्या या गावातून आषाढी वारीसाठी पालखी पायी पंढरपूरला जाते, तर कार्तिकात गावात यात्रा भरते. भजन-कीर्तन म्हटले की फरशीवर सतरंज्या अंथरल्या जातात आणि त्यावर बसणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. वऱ्हाडातल्या घरांतही खाली बसण्याची सवय अजून आहे. फरक एवढाच, की शेणाने सारवलेली जमीन जाऊन तिथे गुळगुळीत टाइल्स आल्या. सारवलेल्या जमिनीवर सहसा न सरकणारी सतरंजी टाइल्सवर पायाखालून निसटते.

हा धोका लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंत पडण्याचा क्रमांक जगात दुसरा लागतो आणि पडून दगावणाऱ्यांत साठीपुढचे लोक सर्वाधिक असतात. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर माणूस कित्येक महिने परावलंबी होतो. म्हणून सतरंजी वा गालिचा कोणता घ्यावा, याइतकाच त्याखाली काय घालावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जाड तेवढे चांगले?

बहुतेक जण सर्वांत जाड आणि मऊ थर निवडतात. इथेच चूक होते. तळपायातील संवेदना मेंदूला सतत जमिनीचा अंदाज देत असतात. पाऊल रुतले की हा अंदाज धूसर होतो आणि तोल सावरणे अवघड जाते. वयामुळे किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना याचा त्रास अधिक होतो. काठी किंवा वॉकरही मऊ थरात रुततो.

म्हणून थर पातळ पण घट्ट हवा. सुट्या सतरंजीखाली किंवा गालिच्याखाली ३ ते ६ मिलिमीटर पुरतात. खोलीभर बसवलेल्या कार्पेटखालीसुद्धा साधारण ११ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. दुकानात तुकडा चिमटीत दाबून पाहा. दोन्ही बोटे जवळजवळ एकमेकांना टेकली, तर तो फोम विरळ आहे आणि लवकरच चपटा होईल.

गारठा आणि ओल

दगडी फरशी अंगातली उष्णता भराभर ओढून घेते. कापूस किंवा लोकर ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वजनाने ही हवा निघून गेली की ऊबही जाते. जुनी, दबलेली गोधडी गार लागते ती यामुळेच. दाबून घट्ट केलेला नमदा मात्र वजनाखाली फारसा चपटा होत नाही, त्यामुळे त्याची ऊब टिकते.

वऱ्हाडातली काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि ती ओल जुन्या फरशीतून वर चढते. अशा ठिकाणी बारदान किंवा नमदा घातला, तर तो ओल शोषतो आणि त्यावर बुरशी धरते. दमट अंथरुणात धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात, ते दम्याच्या रुग्णांना त्रासदायक ठरतात. ओल तपासायची सोपी रीत आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर चिकटवा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी कागदाखाली थेंब दिसले, तर आधी ओलीचा बंदोबस्त करा. तोवर जाळीदार रबरी थर बरा, पण तोही वरचेवर उचलून फरशी वाळू द्यावी.

टाइल्सवर घसरण्याची भीती मोठी, म्हणून तिथे फरशीला धरून राहणारा जाळीदार रबराचा थर निवडावा. ऊबही हवी असेल, तर तळाला रबर लावलेला नमदा घ्यावा. स्वस्त रबर किंवा प्लास्टिक फरशीवर डाग पाडते, म्हणून आधी कोपऱ्यात छोटा तुकडा ठेवून पाहावा. थर सतरंजीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर लहान कापावा, म्हणजे कडा उचलल्या जात नाहीत आणि पाय अडखळत नाही. महिन्यातून एकदा तो उचलून झटकावा. रबर उन्हात तडकते, म्हणून ते सावलीत वाळवावे. नमदा आणि सतरंजी मात्र खुशाल कडक उन्हात टाकावी.

आणि रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांच्या वाटेवर सतरंजी नसलेलीच बरी. सर्वांत चांगला थरही त्या धोक्यावर पुरा उपाय नाही.